उलट्या आट्यांची पाटली

सासूबाईंच्या हातातल्या पाटल्या मी कापल्या, तेव्हा सासरे घरात नव्हते. असते तर त्यांनी कापू दिल्या नसत्या. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच ते बाहेर पडायची मी वाट बघत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट नाना तऱ्हांनी रंगवून सांगितली गेली. कुणी म्हणालं, सुनेचा सोन्यावर डोळा होता. कुणी म्हणालं, सासूला गुंगीचं औषध पाजलं होतं. तसलं काही नव्हतं. त्या टक्क जाग्या होत्या, आणि हात त्यांनी स्वतः पुढे केला होता.

माझं लग्न १९९८ साली झालं. माहेर अलोऱ्याचं, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीतलं. आजोबा सोनार, पण वडिलांनी ऐरण सोडून प्रकल्पाच्या वर्कशॉपमध्ये फिटरची नोकरी धरली. रविवारी ते मला एका मोठ्या डब्यातले नट आणि बोल्ट जुळवायला बसवायचे. कुठल्या बोल्टाला कुठला नट बसेल हे नुसत्या आट्यांवरून ओळखायला मी तेव्हाच शिकले. शाळेत माझं गणित यथातथा होतं, पण आट्यांच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नसे.

सासर रत्नागिरीचं. पुढे दुकान, मधे कामाची खोली, मागे घर. यजमान मुंबईला नोकरीला. गणपती आणि शिमगा, एवढाच त्यांचा आणि दुकानाचा संबंध. सासऱ्यांच्या हाताखाली शिकायला घरातलं कुणी उरलं नव्हतं, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. मी कामाच्या खोलीत केर काढायला जायची. केर म्हणजे सोन्याच्या दुकानातला केर, तो फेकत नाहीत, साठवतात. तेवढ्या निमित्ताने दहा मिनिटांच्या कामाला मी अर्धा तास लावायची आणि त्यांचे हात बघायची.

सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पांच्या पाटल्या त्या वेळी लांबलांबून लोक करून न्यायचे. केळशीहून एक बागायतदारीणबाई यायच्या, त्या वाटेतली चार दुकानं टाकून यायच्या. पाटलीचं माप घ्यायची आप्पांची पद्धत अशी, की हाताची पाची बोटं चिमटून एकत्र घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दोरा फिरवायचा, आणि दोरा भरेल त्याहून थोडंसं कमीच माप धरायचं. मग ती पाटली साबण लावून, बोटं दाबून, बाईच्या डोळ्यांत पाणी आणूनच चढायची. एकदा चढली की चढली. भाकऱ्या, धुणी, बाळंतपणं, सगळं त्या पाटलीसकट. काढायचा प्रश्नच नाही. ‘उघडते ती पेटी,’ आप्पा म्हणायचे, ‘पाटली उघडत नाही.’ तोड्यांना ते फिरवून उघडायचा पेच करत, कारण तोडे सणावारी घालायचे. रोजच्या पाटलीला पेच मागणाऱ्या बाईला ते सरळ दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवत.

सासूबाईंच्या हातातल्या पाटल्या त्यांनी लग्नाआधी स्वतः घडवलेल्या. मापाला हात मिळाला नव्हता, तेव्हाच्या रीतीप्रमाणे तो मिळणारही नव्हता. मुलीच्या आईकडून काचेची एक बांगडी मागवून तिच्यावरून केलेल्या, आणि तरी त्या तंतोतंत बसल्या. याचा त्यांना आयुष्यभर अभिमान. सासूबाई थट्टेने म्हणायच्या, ‘तंतोतंत कसल्या, आठ दिवस मनगट काळंनिळं होतं माझं.’ पण म्हणताना पाटली कुरवाळायच्या.

मग चिकनगुनियाची साथ आली. २००६ सालचा पाऊस सरत आला होता. आधी नाव कुणाला माहीत नव्हतं. ताप यायचा, तीन दिवसांत जायचा आणि जाताना सगळे सांधे धरून ठेवायचा. धडधाकट माणसं भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जाताना मी पाहिली. आमच्या आळीत एक घर सुटलं नाही. आमच्या घरात आधी आप्पा तापाने पडले. ताप उतरला, पण बोटं मिटेनात. चिमटा धरायला गेले की चिमटा खाली पडायचा. ते तो उचलायचे, परत पाडायचे, आणि कुणी बघितलं का म्हणून मागे वळून बघायचे. मी दर वेळी दुसरीकडे बघायची.

आठ दिवसांनी सासूबाई पडल्या. त्यांचा ताप सगळा मनगटांत उतरला. हात असे सुजले की पाटली मांसात रुतून दिसेनाशी व्हायला आली. उजव्या हाताची बोटं आधी लाल, मग जांभळी. साबण लावला, खोबरेल लावलं, हात उशीवर उंच ठेवून पाहिला. डॉक्टर घरी येऊन गेले. ते म्हणाले, ‘आज कापा. उद्या मला हात कापायला बोलवाल.’

आप्पा म्हणाले, ‘मी जिवंत असताना हिच्या हातातली पाटली कापायची नाही.’

डॉक्टर गेले. मी आप्पांना म्हटलं, सोनं परत जोडता येतं, हात जोडता येत नाही. ते म्हणाले, ‘सूनबाई, तुला कळायचं नाही हे.’ माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी चुलीवरची पेज उतू जाऊ दिली. त्यांचं म्हणणं मला कळत होतं. आमच्याकडे बाईच्या हातातलं काही कापतात ते एकाच वेळी, नवरा गेल्यावर. पण चार तासांपूर्वी जी बोटं हलत होती ती आता हलत नव्हती, तेही मला दिसत होतं.

दुपारी शेजारच्यांनी आप्पांना रिक्षात घालून इंजेक्शनला नेलं. मी पदर खोचला. कामाच्या खोलीतून तारेची बारीक करवत आणली, पत्र्याच्या डब्याची एक पट्टी कापून तिच्या कडा घासून गुळगुळीत केल्या. ती पट्टी पाटलीखाली सरकवायची, म्हणजे करवत कातडीला लागणार नाही. सासूबाई बघत होत्या. मी म्हटलं, ‘आई, हात द्या.’

त्यांनी हात दिला आणि तोंड भिंतीकडे केलं. ‘काप,’ म्हणाल्या. ‘पण कापलीस म्हणून मला सांगू नकोस.’

पाटली एका ठिकाणी कापून भागेना. जाड होती, फाकेना. दोन ठिकाणी कापावी लागली. दोन्ही हातांच्या मिळून चार अर्धकोर तुकडे निघाले. पट्टी सरकवताना त्या विव्हळल्या, कापताना एक शब्द बोलल्या नाहीत. निघाल्यावर मनगटावर खोल खाच दिसली आणि खाचेतली कातडी लहान बाळासारखी गोरी. तासाभरात बोटांना रंग आला.

आप्पा परतले. त्यांनी तुकडे पाहिले, रुमालात बांधले, कपाटात ठेवले. हळकुंडाला पिवळा दोरा गुंडाळून सासूबाईंच्या मनगटाला बांधला. मला म्हणाले, ‘आजपासून कामाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. केर मी काढीन.’ त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी सासूबाईंना सांगायचे, मी समोर उभी असताना.

ते मी सोसलं असतं. पण सासूबाई घराबाहेर पडेनात. ताप गेला, चालायला यायला लागलं, तरी पुढच्या ओटीपर्यंतही नाही. हातात काचेच्या बांगड्या चढत नव्हत्या आणि पाटल्या नव्हत्या. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की ‘बरं वाटत नाही म्हणून सांग.’ देवळात नाही, शेजारी नाही. एकदा कुणी दार वाजवलं तेव्हा त्यांनी पदर मनगटांवर ओढून घेतलेला मी पाहिला. त्या दिवशी मी ठरवलं. मी कापल्यात, मीच परत घालणार. सासूबाई माझ्यासमोर पाटल्या घालून, भर उन्हात, रस्त्याने चालत देवळात जाणार. आप्पा बोलोत न बोलोत.

तिकडे दुकानात नवीनच प्रकार सुरू झाला होता. बायका यायच्या आणि पदराआडून रुमाल काढायच्या. प्रत्येकीच्या रुमालात कापलेली पाटली, कापलेली बांगडी, चिरलेली अंगठी. कुणाची दवाखान्यात कापलेली, कुणाची नवऱ्याने घरी पक्कडीने तोडलेली. गावाकडची एक म्हातारी म्हणाली, ‘जोडा, पन उघडाया यील अशी करा. परत ताप आला तं?’ सगळ्यांचं हेच. उघडणारं द्या. हलकं द्या. अंगठी नकोच, बोट सुजतं, त्या सोन्याचं कानातलं करून द्या. ज्या बायका आयुष्यभर वजनावर दागिना घेत आल्या, त्या आता ‘काढता येईल ना?’ हे आधी विचारत. लग्नाच्या याद्यांत पाटल्यांच्या जागी चेन आणि झुमके आले. भीतीच बसली होती हो. दागिना अंगावर अडकू शकतो हे आमच्या बायकांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आप्पा सगळ्यांना एकच सांगत. ‘जोडून अखंड करून देईन. पेच होणार नाही.’ बायका मान हलवून रुमाल बांधत आणि नव्या झगमगीत दुकानात जात. खरं तर आप्पांना अखंडही जोडता येत नव्हतं. बोटं मिटतच नव्हती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि बायकांना वाटायचं, म्हातारा हट्टी आहे. दोन्ही खरं होतं.

एका दुपारी ते जेवून आडवे झाले आणि मी कामाच्या खोलीत शिरले. बंदी घातली होती, माहीत होतं. मी त्या म्हातारीची बांगडी तिला बाजूला बोलावून ठेवून घेतली होती. तांब्याच्या तारेवर महिनाभर माळ्यावर बसून सराव केला होता, वडिलांना फोन करून आटे कसे पाडायचे ते विचारलं होतं. शेगडी पेटवली, फुंकणी तोंडाला लावली. एका बाजूला बारीक बिजागरी, दुसऱ्या बाजूला पेच. जोडावर फुंकणीची झाळ धरली तेव्हा मला कळलं की दारात कुणीतरी उभं आहे. मी वळले नाही. वळले असते तर सोनं वितळलं असतं. काम पुरं करून मागे बघितलं तेव्हा दारात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या बसायच्या जागी आप्पांची जुनी गादी टाकलेली होती. बोलणं मात्र बंदच.

मग मी सुटले. म्हातारीने चार जणींना सांगितलं, चौघींनी आणखी कुणाला. प्रत्येकीचं मनगट मोजून, तुकड्यांच्या मधे सोन्याची भर घालून मी पाटल्या मोठ्या केल्या, पेच बसवले. आप्पा गल्ल्यावर बसून रुमाल घेत आणि न बोलता माझ्यापुढे सरकवत. मला वाटलं, जिंकलो आपण. शेवटी कपाटातला तो रुमाल मीच काढला आणि सासूबाईंच्या पाटल्या केल्या. त्यांच्या हाताला बसवून पाहिल्या. छान बसल्या. ‘संक्रांतीला घालेन,’ त्या म्हणाल्या.

संक्रांतीला घातल्या, आणि हात खाली सोडला तर दोन्ही पाटल्या सरळ बोटांवरून घरंगळून जमिनीवर. एक गडगडत कणगीखाली गेली.

त्याच आठवड्यात बाकीच्या यायला लागल्या. एकीची बांगडी मासे साफ करताना टोपलीत गेली होती, सुरमईच्या डोक्यांत सापडली. दुसरी म्हणाली, ‘वैनी, ही हातात घालायची का गळ्यात?’ हात ओसरले होते. सगळ्यांचेच. मी सुजलेल्या हातांची मापं घेऊन बसले होते, एकीचं नव्हे, अकरा जणींची. लाजेने माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. कामाच्या खोलीत जाऊन मी पाटल्या समोर घेऊन बसले आणि रडले. सासूबाई आत जाऊन परत पदर ओढून बसल्या होत्या, त्याचं रडू होतं ते.

आप्पा आत आले. कित्येक महिन्यांनी ते माझ्याशी बोलले. ‘काय गो,’ म्हणाले, ‘फिटरची मुलगी ना तू? तापलेल्या लोखंडाचं माप घेतात काय?’

आणि हसायला लागले. असे हसले की त्यांना खोकला लागला. मला इतका राग आला आणि इतकं बरं वाटलं, दोन्ही एकदम. मी डोळे पुसत म्हटलं, ‘मग तेव्हाच सांगायचं होतंत.’

‘तेव्हा बोलत नव्हतो,’ ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांनी मला शिकवलं. डोकं त्यांचं आणि बोटं माझी. माप सकाळी घ्यायचं नाही, जेवणानंतर घ्यायचं नाही, तापातून उठलेल्या बाईला तीन महिने थांबायला सांगायचं. घातलेली भर काढून अकराही जणींच्या पाटल्या मी नव्या मापाने पुन्हा करून दिल्या. बायका म्हणाल्या, बिचारी पोर, शिकतेय.

सासूबाईंच्या पाटल्या शेवटी ठेवल्या. त्यांच्या पेचाला आटे पाडायला बसले तेव्हा आप्पांनी जुन्या पेटीतून एक पोलादी पट्टी काढून दिली. आटे पाडायचीच, पण भोकं वेगळी दिसत होती. मी बोट फिरवलं आणि म्हटलं, ‘आप्पा, हे उलटे आटे आहेत.’

‘आहेत. हिला उलटेच घाल.’

‘का?’

‘धुणं पिळताना सुलटा पेच सैल होतो,’ ते म्हणाले. मग पट्टी माझ्या हातात नीट ठेवत म्हणाले, ‘आणि ज्याला ठाऊक नाही त्याला उघडता येत नाही.’

मी घातले. पेच कसा फिरवायचा ते सासूबाईंना त्यांनीच दाखवलं. सगळं जग ज्या बाजूला फिरवून उघडतं त्याच्या उलट. त्या शुक्रवारी, भर उन्हात, सासूबाई पाटल्या घालून रस्त्याने देवळात गेल्या. मी मागून दोन पावलांवर होते. वाटेत भेटेल तिला त्या हात वर करून नमस्कार करत होत्या, एरवी कधी करायच्या नाहीत तसा.

पुढे दुकानात पेचाचीच पाटली होऊ लागली. नव्या मुलींना ती हलकी हवी, ऑफिसला जाताना काढता यावी, प्रवासात पर्समध्ये टाकता यावी. तापाची आठवण पुसली गेली तरी सवय राहिली. अखंड पाटली मागायला आता कुणी येत नव्हतं. आप्पा म्हणायचे, ‘पेट्या विकतो आपण, पेट्या.’ पण गिऱ्हाइकाला पेच फिरवून दाखवायची हौस त्यांनाच. सासूबाई दर शनिवारी पाटल्या काढून रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या. इतकी वर्षं हे कधी करता आलं नव्हतं, असं म्हणून मनगट चोळत बसायच्या.

आणखी दोन वर्षांनी आप्पा गेले. काही लांबलं नाही. सकाळी चहा घेतला आणि गेले.

दहाव्या दिवशी नात्यातल्या बायका जमल्या. मंगळसूत्र सासूबाईंनी स्वतःच काढून दिलं होतं. आता पाटल्या. पुष्कळ घरांत तोवर नवरा गेल्यावरही सोन्याच्या पाटल्या राहू देऊ लागले होते. पण सासूबाईंची मोठी जाऊ जुन्या वळणाची. तिच्या स्वतःच्या हातांत तीस वर्षं काही नव्हतं, आणि रीत म्हणजे रीत. तिने सासूबाईंचा हात मांडीवर घेतला, पेच चिमटीत धरला आणि फिरवला. निघेना. जोर लावून फिरवला. पदराने धरून फिरवला. दर फेऱ्याला पेच घट्ट होत होता. दुसरी पुढे झाली, तिसरी झाली. ‘जाम झालाय गो,’ त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला ती पट्टी आठवली, आणि ती हातात ठेवणारी न मिटणारी बोटं.

‘कापावी लागेल मग,’ सासूबाईंची जाऊ म्हणाली. ‘तू कापली होतीस ना मागे?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘या घरात पाटली कापता येते ती मला एकटीला. आणि मी कापणार नाही.’

मग कुणीतरी पानं घ्यायला हवीत म्हणालं, आणि बायका उठल्या.

शनिवार आला. सासूबाईंनी न्हाणीत रिठे भिजवले, पेच उलटा फिरवून पाटल्या काढल्या, धुतल्या, पुसल्या आणि परत हातात घातल्या.